अंगठीऐवजी पेन

टेंभुर्णे सरांच्या शर्टाच्या खिशाला कायम चार पेन लावलेले असत. लाल पेन पेपर तपासायला, निळा सह्यांना, आणि उरलेले दोन कोरे करकरीत, टोपणावरचा चिकटपट्टीचा बोटभर कागद अजून तसाच. हे दोन कशाला, असं सावली गावच्या शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं. सर गंभीरपणे म्हणाले, "कोणाचं साक्षगंध ऐनवेळी निघालं तं? तयारी पायजे न, मास्तर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण टेंभुर्णे सर थट्टा करत नसत, त्यांची होत असे. सावलीपासून वैनगंगेच्या काठापर्यंतच्या खेड्यांत त्यांना 'पेनवाले सर' म्हणत. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. तिथं मुलामुलीनं एकमेकांच्या बोटात अंगठी घालायची, तर सरांच्या पंचक्रोशीत त्यांनी एकमेकांना पेन द्यायचा, ही चाल सरांनी पाडली होती. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, की पाटलाघरचं असो की मजुराघरचं, सरांना उभं करत. सर खिशातले दोन्ही पेन काढून डाव्या तळहातावर ठेवत आणि घसा खाकरून सुरुवात करत : "सोनं बोटावर मिरवते. अक्षर माणसाले उभं करते." पुढं दहा मिनिटं भाषण. मग नवरा मुलगा वाकडातिकडा हात पुढं करून मुलीला पेन द्यायचा, मुलगी मान खाली घालून त्याला द्यायची, आणि मांडवात टाळ्या पडायच्या. आम्ही मास्तर मंडळी पहिल्या रांगेत असायचो. टाळ्यांना सुरुवात आमच्याकडूनच व्हायची.

हे खूळ त्यांच्या डोक्यात उगाच शिरलेलं नव्हतं. सर लहान असताना त्यांच्या मोठ्या बहिणीच्या साक्षगंधात मुलाच्या मामानं अंगठी हातात घेऊन उडवून पाहिली आणि "हवेनं उडून जाईन" असं म्हणाला. सगळे हसले. बहीण तशीच पाटावर बसून होती. सोयरीक मोडली नाही, लग्न झालं, ती नांदलीही. पण पुढं आयुष्यभर माहेरी आली की ती अंगठीचा हात पदराखाली ठेवून बसायची, असं सर सांगत. हे ते एकदाच बोलले, तेही शाळेच्या सहलीत, बस पंक्चर होऊन आम्ही दोघं झाडाखाली बसलो होतो तेव्हा. म्हणाले, "अंगठीच नसती तं मामा काय उडवता?"

सर उंचीला बेताचे, रंगानं काळेसावळे, आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक बंद पडला तरी कोणाला कळू नये. मराठी शिकवायचे. चांगला निबंध आला की दुसऱ्या वर्गात जाऊन वाचून दाखवायचे, लिहिणारी पोर लाजेनं बाकाखाली जाईस्तोवर. पोरांनी पाया पडलेलं त्यांना खपत नसे. "जयभीम म्हण, नमस्कार म्हण, पण ताठ उभा राहून म्हण," असं दटावायचे. डब्यात रोज भात आणि वायलं, म्हणजे वेगळ्या वाटीतलं, वरण. कोणी चपाती पुढं केली की म्हणत, "धानाच्या मुलखात जन्मलो, भाऊ, गव्हाशी आपली ओळख नाई."

धानोऱ्याकडच्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या साक्षगंधाची गोष्ट तर तालुकाभर झाली होती. सरांनी त्या वर्षी हौसेनं शाईचे पेन आणले होते. मुलगा गडी जंगलातला, दांडगा. त्यानं पेन मिळाल्या मिळाल्या खटकन नव्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात उलटा खोचला. फोटो काढेपर्यंत छातीवर ताटलीएवढा निळा डाग. मुलीची आत्या कपाळाला हात लावून ओरडली, "झालं वाटोळं! साक्षगंधालेच डाग!" सर उठले, डागाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बाई, डाग निळा आहे. आपला आहे. धुवू नका." जो हशा झाला, त्यात आत्यासुद्धा सामील झाली. तो शर्ट त्या पोरानं खरोखरच धुतला नाही, असं म्हणतात. ड्रायव्हर लोकांच्या बाबतीत ते खरंही असेल.

अंगठीचा एवढा दुस्वास करणारा माणूस, पण अंगठ्यांबद्दल त्यांच्याइतकी खबर सावलीत कोणाला नव्हती. वैऱ्याची हालचाल माहीत पाहिजे, म्हणायचे. मधल्या सुट्टीत पेपरातली सोन्याच्या दुकानांची जाहिरात उघडून बसायचे आणि आम्हाला ऐकवायचे. पूर्वी धान विकला गेला की गावचा सोनार घरी यायचा, ओसरीवर बसायचा. मुलीच्या बोटाचं माप सुतळीच्या धाग्यानं घ्यायचं, तेही तिच्या मैत्रिणीकडून, गुपचूप, कारण मुलाकडच्यांनी माप मागणं बरं दिसत नसे. धागा भिजला, आटला, की अंगठी घट्ट. मग भर मांडवात साबण आणा, तेल आणा. मग नावाचं अक्षर कोरलेल्या अंगठ्यांची टूम आली. सोयरीक मोडली की ते अक्षर पुसून नवं कोरून द्यायचा आमचा सोनार. मग मुलांसाठी अशोकचक्राची अंगठी निघाली, तेव्हा सरांची मोठी पंचाईत झाली. चक्राला नाही कसं म्हणायचं? दोन दिवस विचार करून म्हणाले, "चक्र फिरासाठी असते, बोटात अडकून बसासाठी नाई," आणि सुटले. मग सावलीचा सोनार मागं पडला. लोक चंद्रपूरला जायला लागले, काचेच्या दाराच्या, गारेगार दुकानांत, जिथं बसल्या बसल्या थंडा येतो. आता तर जोडीच्या अंगठ्या, गुलाबी सोनं, हिरा, आणि तेही दुकानात न जाता मोबाईलवरच बोट धरून बघायचं, अंगठी त्या बोटावर आपोआप चढते. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा सरांनी आपलं बोट मोबाईलपुढं धरलं, त्यावर हिरा चमकला, आणि त्यांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला. स्टाफरूममध्ये दोन दिवस त्यावर करमणूक झाली.

आणि मग त्यांच्याच घरी साक्षगंध निघालं.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते, मुलगाही तिथलाच, तिच्याच कंपनीतला, आपल्याच समाजातला. सगळं जुळलेलं. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, पेन मी देईन. पण अंगठीही पाहिजे. माझ्या हौसेची आहे, कोणी मागितलेली नाही." सरांनी भाषण सुरू केलं असणार. ती मध्येच म्हणाली, "बाबा, मी तुमचं भाषण लहानपणापासून ऐकत आली. मांडवात एकदा तरी मुलीले विचारलं काय तुम्ही, तुले काय पायजे?" टेंभुर्णेवहिनींनी हे मला हसत हसत सांगितलं. सर मात्र त्या दिवशी मधल्या सुट्टीत पेपर न उघडताच वर्गावर निघून गेले.

चार दिवसांनी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या पोराचं मागच्या साली झालं न? दुकान तुमच्या ओळखीचं असन. मुलाची अंगठी आपल्याले घ्या लागते. चंद्रपूरले चलता? कोणाले सांगू नका."

शाळेत त्यांनी दाढ दुखते म्हणून सांगितलं. एप्रिल महिना, चंद्रपूरचं ऊन; त्या उन्हात बाया-माणसं सगळीच तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात. सरांनीही बांधला होता, फक्त डोळे दिसत होते. पण बसमध्ये सुटला नाही, ऑटोत सुटला नाही, सराफ्यात आडोशाला आलो तरी सुटला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा उन्हासाठी नाही. ज्या गावोगावच्या लोकांना आपण अंगठी घेऊ दिली नाही, त्यांच्यापैकी कोणी आपल्याला सोनाराच्या दारात पाहू नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. मला हसू येत होतं, आणि वाईटही वाटत होतं. साठीला आलेला माणूस चोरासारखा भिंतीच्या कडेनं चालत होता.

दुकानाच्या दाराशी बंदूकवाला चौकीदार. त्यानं हात आडवा केला. "काका, तोंड खोला. तोंड बांधून अंदर जाता येत नाही. लिखेला आहे."

काचेवर खरंच लिहिलं होतं. सर म्हणाले, "दाढ दुखते."

"दाढ दुखू द्या, पन खोला."

मागं गिऱ्हाईकं खोळंबली. सरांनी गाठ सोडली. हळूहळू, एकेक वेढा. दुपट्टा पूर्ण निघायच्या आतच काउंटरमागून आवाज आला, "अरे! टेंभुर्णे सर! जयभीम सर!"

चाळिशीच्या अलीकडची बाई, दुकानाची मरून साडी, केस घट्ट बांधलेले. वनिता नाव तिचं, नदीकाठच्या एका खेड्यातली, बारावीपर्यंत सरांची विद्यार्थिनी. नवरा कोळशाच्या खाणीत कंत्राटी होता, तो अंथरुणाला खिळल्यापासून ती इथं काउंटरला असते, हे तिनं पाणी आणून देता देता सांगून टाकलं. सरांना ती पटकन आठवली. "निबंध लिहायची तू! 'आमच्या गावचा डोंगा' तुझाच न? नदीतल्या नावेवरचा?" ती एवढी लाजली की बाकीच्या मुली बघायला लागल्या.

मग सरांची तारांबळ सुरू झाली. पोरगी ऐकत नाही, काळ बदलला, पेन तर देणारच आहोत, पण सोबत जावयाला एक असू द्यावी, बारीकशी. वनितानं मखमलीचा ट्रे काढला आणि मुलाच्या अंगठ्या दाखवायला लागली. या दुकानांत दाखवायची रीतच अशी आहे की विकणारी बाई ती आपल्या बोटात घालते आणि हात वळवून दाखवते. ती एक घालायची, काढायची, दुसरी घालायची. काढली की तिचं बोट रिकामं. सर अंगठ्यांकडे बघत नव्हते.

"वनिता," ते एकदम म्हणाले, "तुह्या साक्षगंधात पेन मीच देल्ला होता."

"हो न सर. हिरव्या टोपणाचा."

"तुले अंगठी पायजे होती काय तवा? माह्यामुळं नाई झाली."

ती हसली. अगदी मोकळं, जुन्या विद्यार्थिनीसारखं. "अंगठीचं काई नाई, सर. आता दिवसभर घालूनच राह्यली न." मग हातातली अंगठी काढून ट्रेमध्ये नीट बसवत, तिकडेच बघत म्हणाली, "बारावीची परीक्षा होती माही, पुढच्याच महिन्यात. सासरे म्हणत होते, कायले पायजे आता पेपर-गिपर. बाबा गप्प. मले वाटलं, सर येणार आहेत न, सर बोलतीन. तुमी उठले, हातात पेन घेतला, मी म्हटलं आता सासऱ्याले सांगतेत, पोरीले पेपर देऊ द्या. तुमी बोलले, खूप चांगलं बोलले. मंग बसले. मंग जेवणं झाले."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सरांचे दोन्ही हात काचेवर होते, ते त्यांनी उचलून मांडीवर ठेवले. दुकानातल्या त्या गारव्यात माझे कान तापले. मी त्या मांडवात होतो की नाही हे मला आठवत नव्हतं. असणार. टाळ्या वाजवल्या असणार.

"ही घालून दाखवू काय, सर?" वनितानं विचारलं. "जावईबापूले शोभन."

सरांनी मान हलवली. तीच घेतली. कशी आहे ते त्यांनी पाहिलं नाही, ही माझी खात्री आहे.

परतीच्या बसमध्ये दुपट्टा त्यांच्या गळ्यात नुसता लोंबत होता. मूल गावचा स्टँड मागं पडल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, त्या साली बारावीच्या वर्गात सुपरव्हिजन माहीच होती. तिचा बाक खाली होता. मी थांबलो नाई. गैरहजर मांडलं अन पुढच्या बाकाकडं गेलो." मग म्हणाले, "पंधरा दिवसाआधी तिच्याच हातात पेन देल्ला होता न बाप्पा मी."

मी म्हणालो, "सर, तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "परीक्षा कवा आहे हे मास्तरले माहीत नाई राहात काय? भाषण चांगलं झालं होतं त्या दिवशी. लोक खुश होते. त्याच्यातच होतो मी."

खोटा धीर देणं मला जमत नाही आणि त्या दिवशी ते करूही नये असं वाटलं. सावलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा समोरून एक जोडपं आलं, "पेनवाले सर, जयभीम!" म्हणालं. सरांनी हात जोडले आणि माझ्याआधी चालू लागले.

प्रज्ञाचं साक्षगंध गडचिरोलीच्या एका हॉलमध्ये झालं. अंगठ्या झाल्या, पेनही झाले, पोरीनं शब्द पाळला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलानं मोठ्या उत्साहानं सरांना 'दोन शब्द' बोलायला बोलावलं. हॉलमध्ये त्यांनी पेन दिलेली निदान वीसेक जोडपी बसली होती, आपापल्या पोराबाळांसह, सगळे सरसावून बसले. सरांनी माईक हातात घेतला. "जेवून जा सगळे," म्हणाले आणि माईक परत दिला. लोकांना वाटलं, लेकीच्या मायेनं कंठ दाटला. बायकांनी डोळेही पुसले. मी मान खाली घातली. मला त्या लोकांकडे बघवेना आणि सरांकडेही.

त्यानंतर सर कोणाच्या साक्षगंधाला गेले नाहीत. बोलावणी यायची, दाढ दुखते म्हणायचे. पुढं ते सेवानिवृत्त झाले, लेकीकडे पुण्याला जायचं ठरलं, सामान बांधून झालं.

त्याच सुमाराला मी दुपारी चंद्रपुरात सराफ्याच्या रस्त्यानं येत होतो, तर चहाच्या टपरीपाशी सर उभे. समोर रस्त्यापलीकडे ते दुकान. मी हाक मारली तसे दचकले. "सहज आलो होतो," म्हणाले. टपरीवाला कप विसळत हसला. "गुरुजी सहजच येतात. चहा पेतात, तिकडं पाहतात, चालले जातात. मी म्हटलं, दुकान लुटाचा विचार आहे काय?"

सर हसले नाहीत. मला म्हणाले, "माफी मांगाची होती, मास्तर. परवा गाडी आहे. पण गिऱ्हाईकाच्या पुढं कशी मांगू? तिच्या मालकापुढं कशी मांगू? तिची नोकरी आहे." हे सगळं खरं होतं. आणि ही सगळी कारणं होती, हे त्यांनाही कळत होतं. गर्दी नसतानाही ते रस्ता ओलांडत नव्हते.

तेवढ्यात काचेचं दार उघडून वनिता बाहेर आली. जेवणाची सुट्टी असावी, हातात डबा होता. तिनं आम्हाला पाहिलं आणि मोटारसायकली चुकवत सरळ इकडंच आली. "जयभीम सर! इथी काऊन उभे? चला न आत. प्रज्ञाताईसाठी काई पायजे काय?"

मी दोन पावलं बाजूला झालो, पण ऐकू येतच होतं.

सर ताठ उभे राहिले. आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं तसे. आणि ज्या माणसाच्या आवाजानं मैदान भरायचं, त्याचाच आवाज मला जेमतेम ऐकू आला. "वनिता," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या सर. आमच्याकडची माणसं असंच म्हणतात. कोणी काही कबूल केलं की आपणच घाईनं त्याच्यावर पांघरूण घालतो. सरांनाही तेच वाटत असणार, कारण ते थोडे पुढं वाकले होते.

वनिता त्यांच्याकडे बघत राहिली. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"हो सर," ती म्हणाली. "पायजे होतं."

आणि डबा घेऊन ती परत दुकानाकडे गेली. चौकीदारानं तिच्यासाठी दार उघडलं, ते तिच्यामागं बंद झालं. सर त्या बंद दाराकडे हात जोडून उभे होते, येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते, आणि त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.